रस्त्याचा हक्क

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. रमजानचा महिना होता. अस्रची नमाज होऊन गेली होती आणि इफ्तारला तास-सव्वा तास उरला होता. आमच्या मोहल्ल्यातल्या एका वृद्ध बाईंचा जनाजा निघायचा होता. त्या वेळी मशिदीच्या गल्लीची काय अवस्था असते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. दोन्ही बाजूंना हातगाड्या. खजूर, कलिंगड, भजी, समोसे, टोप्या, अत्तर. चार माणसे जनाजा खांद्यावर घेऊन निघाली आणि मशिदीच्या अलीकडेच अडली. पुढे जायला वाट नव्हती.

गाडीवाल्यांनी पाहिले आणि लगेच गाड्या ओढायला सुरुवात केली. पण एकाची कढई तापलेली होती. ती उतरवून गाडी भिंतीला लावेपर्यंत पाच-सात मिनिटे गेली. तेवढा वेळ जनाजा गल्लीत खोळंबून राहिला. कोणी कोणाला काही बोलले नाही. वाट मोकळी झाल्यावर त्याच गाडीवाल्यांपैकी काहींनी पुढे येऊन खांदा दिला.

दुसऱ्या दिवशी तरावीहनंतर आम्ही मोहल्ल्यातली काही शिकलेली मंडळी एकत्र बसलो. महानगरपालिकेला अर्ज द्यायचे ठरले. अर्जाचा मसुदा चांगला झाला. पादचाऱ्यांची गैरसोय, रुग्णवाहिकेची अडचण, अग्निशामक दलाची गाडी येऊ न शकणे, सगळे मुद्दे खरे होते. इतरांबरोबर आम्हीही सही केली. ईद झाल्यावर आठवड्याभराने अतिक्रमणविरोधी पथकाचा ट्रक आला आणि अकरा गाड्या उचलून घेऊन गेला. त्यांत एक गाडी, ज्यांच्याकडून आम्ही वर्षानुवर्षे फळे घेत होतो त्या बागवान चाचांची होती. आदल्या महिन्यात जनाजाला खांदा देताना आम्ही त्यांना पाहिले होते. ते पथकातल्या माणसाला एवढेच म्हणत होते, "साहेब, गाडी न्या, पण काटा तेवढा ठेवा. काटा दुसऱ्याचा आहे."

काटाही गेला. महिन्याभराने चाचा पुन्हा दिसले. गाडी नव्हती, एक टोपली होती. अर्जावर कोणाच्या सह्या होत्या, हे त्यांनी विचारले नाही. बहुधा त्यांना ते ठाऊक असावे. बोलता बोलता ते म्हणाले, "भाईजान, रस्ता अडतो हे आम्हाला कळत नाही का? पण सरकायचं कुठं, ते तरी कुणीतरी सांगा."

या प्रश्नाचे उत्तर आमच्या अर्जात नव्हते. रस्ता मोकळा झाला पाहिजे, इतकेच आम्ही लिहिले होते. ज्यांच्यामुळे तो मोकळा नव्हता ती माणसे कुठे जातील, याचा विचार करणे हे अर्जदाराचे काम आहे असे आम्हाला वाटलेच नव्हते. आता वाटते की तो विचारच आधी करायला हवा होता.

रस्त्यावरचा विक्रेता हा आपल्या समाजासाठी कोणी परका माणूस नाही. बागवान फळे-भाजी विकतो, तांबोळी पाने, अत्तार अत्तरे आणि बायकांच्या शृंगाराच्या वस्तू, मण्यार बांगड्या. पिंजारी खांद्यावर धनुकली घेऊन गल्लोगल्ली फिरायचा आणि त्या तारेच्या आवाजावरून घरातल्या बायका गाद्या-उशा बाहेर काढायच्या. महाराष्ट्रातल्या मुस्लिम समाजाच्या कितीतरी जमातींची नावेच मुळी फिरत्या धंद्यांची नावे आहेत. न्या. राजिंदर सच्चर समितीचा अहवाल 2006 साली आला. देशातल्या मुस्लिम पुरुष कामगारांपैकी 12 टक्क्यांहून अधिक लोक ठिकाणा नसलेल्या फेरीच्या विक्रीवर जगतात, हेच प्रमाण सर्व समाजांच्या सरासरीत 8 टक्क्यांच्याही खाली आहे, असे त्यात नोंदवलेले आहे. म्हणजे फेरीवाल्यांविषयीचा प्रत्येक नियम आपल्या समाजाच्या चुलीपर्यंत पोचतो. तरी आपल्या वार्षिकांतून आणि संमेलनांतून आपण ज्या प्रश्नांची चर्चा करतो त्यांत हा प्रश्न क्वचितच असतो. शिकलेला माणूस गाडीवरून उतरून नोकरीत गेला की त्याला गाडी अडचणीची वाटू लागते. आमचेही तसेच झाले होते.

कायदा याबाबत काय म्हणतो? 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने ऑल्गा टेलिस प्रकरणात उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे सांगितले. 1989 साली सोदान सिंग प्रकरणात घटनापीठाने आणखी एक पाऊल पुढे टाकले. पदपथावर व्यापार करणे हा मूलभूत हक्क आहे, त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, मात्र अमुकच जागा मला हवी असा हक्क कोणाला नाही, असा तो निर्णय होता. पुढे 2004 आणि 2009 साली राष्ट्रीय धोरणे आली आणि शेवटी 2014 साली पथविक्रेत्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणाचा आणि पथविक्रीच्या नियमनाचा कायदा संसदेने केला. संरक्षण आणि नियमन हे दोन्ही शब्द त्याच्या नावातच आहेत आणि संरक्षण आधी आहे.

त्या कायद्यात चाचांच्या प्रश्नाचे उत्तर लिहून ठेवलेले आहे. आधी सर्वेक्षण करा, जे विकतात त्यांना प्रमाणपत्र द्या, विक्रीची क्षेत्रे ठरवा. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणाला हटवू नका. वॉर्ड, विभाग किंवा शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्या. हटवायचेच असेल तर तीस दिवसांची नोटीस द्या. माल जप्त केलात तर त्याची यादी करून द्या. नाशवंत माल मागणी केल्याच्या दिवशीच आणि इतर माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत करा. या सगळ्यासाठी नगर पथविक्रेता समिती असावी, तिच्यात किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत, त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात आणि मागासवर्गीय, अल्पसंख्याक व अपंग यांनाही स्थान मिळावे.

आमच्या गल्लीत ट्रक आला तेव्हा यादी झाली नव्हती आणि नोटीसही कोणी पाहिली नव्हती. चाचांची केळी आणि पेरू गोदामात सडून गेले. आम्ही कायद्याच्या नावाने अर्ज केला होता आणि त्या अर्जावर जी कारवाई झाली ती कायद्याला धरून नव्हती. हे कळायला आम्हाला कायदा वाचावा लागला, आणि तो आम्ही सही केल्यानंतर वाचला.

मुंबईचा अनुभव पाहिला तर हा प्रश्न किती रेंगाळतो ते दिसते. तिथे 2014 साली सर्वेक्षण झाले आणि सुमारे 99 हजार अर्ज आले. अधिवासाच्या दाखल्यासारख्या अटींवर कितीतरी अर्ज अडले. पथविक्रेता समितीच्या निवडणुकीला 2024 चा ऑगस्ट उजाडला आणि मतदार यादीत राहिले सुमारे 32 हजार. दरम्यान 29 सप्टेंबर 2017 रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन 23 माणसे मेली. पूल अरुंद होता, जोराचा पाऊस आला होता, गर्दी मावेना. त्यानंतर सर्वांत आधी रोष आला तो स्थानकाबाहेरच्या फेरीवाल्यांवर. 1 नोव्हेंबर 2017 रोजी उच्च न्यायालयाने स्थानकापासून 150 मीटर आणि शाळा, रुग्णालये व प्रार्थनास्थळांपासून 100 मीटर अंतरात विक्रीला मनाई केली. जीव मोलाचा आहे आणि पुलाच्या तोंडाशी वाट मोकळीच हवी, याबद्दल वाद नाही. पण फेरीवाला जिथे माणसे असतात तिथेच उभा राहतो. स्थानक, शाळा, रुग्णालय, मशीद, मंदिर आणि मंडई या सगळ्यांपासून शंभर-दीडशे मीटरची वर्तुळे काढली, तर आपल्या दाट वस्तीच्या शहरांत वर्तुळाबाहेर उरते काय? आणि रमजानचा बाजार तर मशिदीच्या दारातच भरतो.

इथे खरा नैतिक प्रश्न सुरू होतो. जो नियम पाळता येतो तो नियम. जो पाळताच येत नाही तो काय? अशा नियमाने रस्ता मोकळा होत नाही, हे आपण रोज पाहतो. गाडी तिथेच राहते आणि तिच्या राहण्याची किंमत तेवढी ठरते. ती किंमत आठवड्याला कोणीतरी गोळा करून नेतो. म्हणून तर त्याला हप्ता म्हणतात. ज्याच्याकडे परवाना नाही त्याच्याकडून पावतीशिवाय पैसे घेता येतात. परवाना मिळाला की ते बंद होतात. मग परवाने देण्याची घाई कोणाला असणार? अशक्य नियम हा गरिबावर बसवलेला बेनामी कर आहे. तो भरणाऱ्याला त्यातून सुरक्षितताही मिळत नाही, कारण ट्रक कधीही येऊ शकतो.

आपल्या परंपरेत या प्रश्नाकडे पाहण्याची एक वेगळी रीत आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत एक हदीस आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सहाबांना रस्त्यांवर बसण्यास मनाई केली. सहाबांनी सांगितले की आम्हाला त्याला पर्याय नाही, आम्ही तिथे बसून बोलतो-चालतो. त्यावर प्रेषितांनी फर्मावले की बसायचेच असेल तर रस्त्याला त्याचा हक्क द्या. रस्त्याचा हक्क काय, असे विचारल्यावर त्यांनी सांगितले ते असे: नजर खाली ठेवणे, कोणाला त्रास न देणे, सलामला उत्तर देणे, भल्याचा आग्रह धरणे आणि वाइटाला अटकाव करणे.

ही हदीस आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मदरशात ती शिष्टाचाराची हदीस म्हणून शिकवली गेली. चाचांच्या प्रश्नानंतर ती पुन्हा वाचली तेव्हा तिच्यातला क्रम लक्षात आला. आधी मनाई आहे. मग ज्यांना मनाई केली त्यांनी आपली अडचण मांडली आहे. ती अडचण ऐकून घेतली गेली आहे. त्यानंतर परवानगी मिळाली आहे आणि परवानगीबरोबर अटी आल्या आहेत. त्या अटी अशा आहेत की रस्त्यावर बसणारा कोणीही गरीब माणूस त्या पाळू शकेल. नियमन म्हणजे काय हे इतक्या थोडक्यात क्वचितच कुठे सांगितलेले असेल.

दुसरी गोष्ट अशी की इथे 'हक्क' हा शब्द आपण आज वापरतो त्याच्या उलट बाजूने आला आहे. रस्त्यावर माझा हक्क किती, हा आपला नेहमीचा प्रश्न. फेरीवाला म्हणतो, माझ्या पोटाचा हक्क. पादचारी म्हणतो, माझ्या चालण्याचा हक्क. मोटारवाला तर काही न बोलता गाडी उभी करून निघून जातो. हदीस विचारते ते वेगळेच: रस्त्याचे तुझ्याकडे काय देणे आहे? असा प्रश्न विचारला की तो एकट्या फेरीवाल्यापुरता राहत नाही. आमच्या गल्लीत जनाजा अडला त्या दिवशी हातगाड्यांच्या मागे भिंतीला लागून पंधरा-वीस मोटारसायकली उभ्या होत्या. त्या आमच्या, म्हणजे अर्जावर सह्या करणाऱ्यांच्या आणि आमच्या मुलांच्या होत्या. त्यांचा उल्लेख अर्जात नव्हता. त्यांना कोणी अतिक्रमण म्हटले नाही.

मदिनेच्या बाजाराविषयी जुन्या ग्रंथांत जे आले आहे तेही लक्षात घेण्यासारखे आहे. तिथे जागेचे भाडे नव्हते. बाजाराला मशिदीचा नियम लावला जाई: जो आधी येईल त्याची जागा, आणि तो उठेपर्यंतच त्याची. मशिदीच्या सफेत जशी कोणाची जागा राखीव नसते, तशीच बाजारात नाही. त्याच बाजारात प्रेषितांनी धान्याच्या ढिगात हात घातला आणि आतले धान्य ओले लागल्यावर विक्रेत्याला जाब विचारला. फसवणूक करणारा आपल्यातला नाही, हा दंडक तिथूनच आला. पुढे याच कामासाठी मुहतसिब नेमले जाऊ लागले. मापे, तराजू, भेसळ आणि वाटेतली अडवणूक पाहणे हे त्यांचे काम. बाजार मोकळा होता, पण बेवारस नव्हता.

त्या ढिगात हात घालण्याचा अर्थ आजच्या दिवसांत आणखी स्पष्ट होतो. तपासणी मालाची झाली. माणूस कोणत्या टोळीचा, कोणत्या गावचा, याची नव्हे. जुलै 2024 मध्ये उत्तर प्रदेशातल्या मुजफ्फरनगर जिल्ह्यात कावड यात्रेच्या मार्गावरच्या खाद्यविक्रेत्यांनी आपली नावे दिसतील अशी लावावीत असे फर्मान निघाले. 22 जुलैला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम स्थगिती दिली. कोणते अन्न विकतो हे सांगण्यास सांगता येईल, नावे लावण्याची सक्ती करता येणार नाही, असे सांगितले. खाणाऱ्याला अन्नाविषयी जाणून घेण्याचा अधिकार आहेच. पण ज्या नियमाचा हात धान्याच्या ढिगाऐवजी विक्रेत्याच्या नावाकडे जातो, त्याने ना अन्न शुद्ध होते ना बाजार.

हे म्हणताना आपल्याकडेही पाहिले पाहिजे. आपल्या मोहल्ल्यांत गाडीवर 'हलाल' अशी पाटी असली की आपले समाधान होते. कुरआनात मात्र हलालबरोबर 'तय्यब' हा शब्दही येतो. जे वैध आहे ते स्वच्छ आणि चांगलेही असावे. चार दिवसांचे काळे पडलेले तेल, बादलीतल्या एकाच पाण्यात बुडवून काढलेल्या प्लेटा, उघड्यावर कापून ठेवलेले कलिंगड, हे हलाल असेल; तय्यब आहे काय? आम्ही कधी गाडीवाल्याला तेल कधी बदलले असे विचारले? विचारले नाही, कारण पाच रुपये कमी करून घेण्यात आम्ही गुंतलेलो होतो. अन्नसुरक्षा आणि मानके कायदा 2006 साली झाला आणि फिरत्या विक्रेत्यालाही त्यात नोंदणीची सोय आहे. पण नोंदणीचा कागद स्वच्छ पाणी देत नाही. ज्या गल्लीत गाडी उभी करू दिली जाते, तिथे एक नळ आणि कचऱ्याचा डबा देणे हे पालिकेचे देणे आहे. ते न देता घाण केल्याबद्दल दंड घेणे म्हणजे तहानलेल्याकडे पाण्याचा हिशेब मागण्यासारखे आहे.

अलीकडे शहरांत फूड ट्रकही दिसू लागले आहेत. रंगवलेली गाडी, आत स्टीलचे स्वयंपाकघर, बाहेर दिवे आणि टेबले. संध्याकाळी तिथे आपलीच मुले रांगेत असतात. आमची त्याला हरकत नाही. तोही कष्टाचाच धंदा आहे. पण जितकी जागा असा एक ट्रक घेतो तितकीत तीन-चार हातगाड्या उभ्या राहतील. ट्रकचा मालक अर्ज भरू शकतो, वकील देऊ शकतो, इंग्रजीत बोलू शकतो. म्हणून एकाचे नाव शहराची नवी खाद्यसंस्कृती आणि दुसऱ्याचे नाव अतिक्रमण, असे होऊ नये. माप एकच असावे: वाट किती अडते, अन्न कसे आहे, कचरा कोण उचलतो.

ट्यूनिशियातल्या सिदी बूझिद या गावी मोहम्मद बुअझीझी नावाचा सव्वीस वर्षांचा तरुण हातगाडीवर फळे विकत असे. 17 डिसेंबर 2010 रोजी पालिकेच्या लोकांनी त्याचा माल आणि तराजू जप्त केला. तो दाद मागायला सरकारी कचेरीत गेला, कोणी ऐकून घेतले नाही, आणि त्याने कचेरीसमोर स्वतःला पेटवून घेतले. 4 जानेवारी 2011 ला तो गेला आणि दहा दिवसांनी त्या देशाचा राष्ट्राध्यक्ष देश सोडून पळाला. आत्महत्येला आपल्या धर्मात जागा नाही आणि त्याचे गौरवीकरण आम्ही करणार नाही. पण एका मुस्लिम देशात, मुस्लिम पालिकेने, मुस्लिम फळवाल्याचा तराजू उचलून नेला, हे विसरता येत नाही. म्हणजे हा प्रश्न आपण आणि ते असा नाही. ज्याच्या हातात ट्रक आहे आणि ज्याच्या हातात काटा आहे, त्यांच्यातला हा प्रश्न आहे. आणि ट्रक बोलावणाऱ्यांत, निदान आमच्या गल्लीत, आम्ही होतो.

एक हदीस अबू दाऊदच्या संग्रहात आहे. एक गरजू अन्सारी मागायला आला तेव्हा प्रेषितांनी त्याच्या घरातली घोंगडी आणि पेला विकून आलेल्या दोन दिरहमांपैकी एकाचे घरी अन्न नेण्यास सांगितले आणि दुसऱ्यातून कुऱ्हाडीचे पाते आणवले. त्याला दांडा त्यांनी स्वतःच्या हाताने बसवला. लाकडे तोडून विक, असे सांगितले. जकात देताना आपण भुकेल्याच्या हातावर पैसे ठेवतो आणि ते पुण्य मोजतो. पण ज्याच्या हातात आधीच कुऱ्हाड आहे, त्याची कुऱ्हाड हिसकावली जात असताना गप्प राहून नंतर त्याला जकात द्यायची, यात कोणते पुण्य आहे? चाचांना त्या वर्षी आम्ही जकातीतून काही देऊ केले. त्यांनी घेतले नाही. "भाईजान, मी घेणारा नाही," इतकेच म्हणाले.

नंतर मशिदीच्या आवारात गाडीवाले आणि मोहल्लेवाले यांची बैठक झाली. पहिल्यांदाच दोघेही एका सतरंजीवर बसले. एक साधे माप ठरले: चार माणसे जनाजा घेऊन न थांबता जातील एवढी वाट कायम मोकळी राहील. तेवढ्या रुंदीवर चुन्याची रेघ मारली. गाड्या एकाच बाजूला आणि मोटारसायकली बाहेरच्या मैदानात. गाडीवाल्यांनी रेघ पाळली, अगदी रोज नाही पण बहुतेक दिवस. मोटारसायकलींच्या बाबतीत तेही सांगता येणार नाही. पालिकेला दुसरा अर्ज दिला. त्यात सर्वेक्षणाची, नळाची आणि जागेच्या आखणीची मागणी केली. त्याचे उत्तर अजून आलेले नाही. चाचांनी पुन्हा गाडी घेतली आहे आणि काट्याचे पैसे हप्त्याहप्त्याने फेडले आहेत. आपल्या वाचकांपैकी जे शिकलेले आहेत त्यांनी आपापल्या शहरात पथविक्रेता समिती आहे की नाही, तिची निवडणूक झाली की नाही, सर्वेक्षणाच्या वेळी मोहल्ल्यातल्या गाडीवाल्यांचे कागद कोणी भरून दिले की नाही, याची चौकशी करावी. सही करण्याआधी करावी. आम्ही ती नंतर केली.